अकरावी मात्रा

७ सप्टेंबर, रविवार

उडी म्हणे! मितेश आज तालमीत भाऊंच्या पाया पडायचाच काय तो बाकी होता. "भाऊकाका, ती उडी! आई शप्पथ, काटा आला अंगावर!" कसली उडी, मला कळेना. मी तर समोरच बसले होते, नेहमीसारखी, हातावर ताल धरून. मधे एकदा गिटार मागे राहिल्यासारखी वाटली खरी. म्हटलं मितेशच घसरला असेल. इलेक्ट्रिक गिटार, त्यात पायाने दाबायच्या त्या चार डब्या — घसरायला कितीसा वेळ!

पण तो घसरला नव्हता. ड्रमवर भाऊच एक मात्रा आधी समेवर आले. अकरा मात्रांचं आवर्तन, दहातच संपवलं. पोरांना वाटलं मुद्दाम! साकेतने बास गिटार खाली ठेवून टाळ्या पिटल्या. संचिता की-बोर्डवरून ओरडली, "काका, हे खरं जॅझ-रॉक! बीट गिळायची आणि ढेकर पण द्यायचा नाही!"

भाऊ नुसते हसले. टॉवेलने मान पुसली.

घरी आल्यावर विचारलं, "मुद्दाम केलंत?" — "हं." — "मला आधी बोलला नाहीत." — "ऐन वेळी सुचलं." आणि गेले आंघोळीला.

ऐन वेळी सुचलं! ह्यांना? आवर्तन म्हणजे ह्यांचं सोवळं. चहात साखर कमी पडली तर चालेल, मात्रा कमी पडून चालायची नाही. बेचाळीस वर्षं संसार केलाय मी.

९ सप्टेंबर, मंगळवार

वर्तकनगरहून लेकीचा, ऋजुताचा फोन. बाळाला पहिला दात आला! खालचा. मी भाऊंना ओरडूनच सांगितलं. गोड म्हणून शिरा केला.

१४ सप्टेंबर, रविवार

आज दोनदा. एकदा दहा, एकदा चक्क बारा.

ठाकुर्लीला मितेशच्या मामांचा गाळा आहे, तिथे ह्यांची तालीम. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी शेजारचा पिठाच्या गिरणीवाला कुरकुरतोच. माझी खुर्ची ड्रमच्या समोर. तिथून हात द्यायचा — टाळी, मग पेरांवर मोजत पाचवीला हात उलटा, नवव्या मात्रेला पुन्हा टाळी, आणि तीन मोजून समेवर. भाऊ सोलो वाजवताना कुणाकडे बघत नाहीत, फक्त माझ्या हाताकडे. गाण्याच्या क्लासमधली सवय. मी विशारदच्या वर्गात, हे तबल्याच्या साथीला. "तू हात दे, मी कुठेही भटकून येईन," असं म्हणायचे. लग्नाची मागणी घातली तीही जवळपास ह्याच शब्दांत!

आज मी म्हटलं, सम बरोबर होती, माझ्या हातावर आली. संचिताने रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर लावून दाखवलं. ते डोंगर-दऱ्यांसारखं चित्र. मोजलं तिने. दहा. खालच्या ओळीत बारा. "बघा ना काकू, कसलं भारी!"

मग कळलं. हे चुकले आणि माझा हात ह्यांच्यामागे गेला. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप जातो. मला कळलंसुद्धा नाही, इतकं अलगद चुकले.

सहासष्ट वय आहे. ह्यांच्या मोठ्या काकांना असंच झालं होतं. आधी आकडे गेले, मग माणसं.

१५ सप्टेंबर

मोबाइलवर वाचत बसले. वाचायला नको होतं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

कपाटाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये! कोथिंबिरीच्या डब्यावर. अर्धा तास शोधत होते. मी भाऊंना म्हटलं, "काय हो हे?" तर म्हणाले, "हो का? मीच ठेवल्या असतील." वाद नाही, चिडणं नाही. पूर्वी मी असं बोलले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं ह्यांनी. मला ह्या गरीबपणाचीच भीती वाटते.

२१ सप्टेंबर, रविवार

दिवाळी पहाटचं बोलावणं आलं! ठाण्याला, तलावपाळीजवळच्या मैदानात, नरकचतुर्दशीला. भावगीतं नाहीत, नाट्यगीतं नाहीत — ह्यांचा बँड! 'पॉवर हाऊस'! (ठाकुर्लीच्या जुन्या पॉवर हाऊसवरून पोरांनी ठेवलेलं नाव. आमच्या लहानपणी त्याच्या चिमण्या दिसायच्या.) आयोजकांनी ती उडीची क्लिप पाहिली. सगळीकडे फिरतेय म्हणे. "भाऊकाकांची उडी पाहिजेच" असा खास निरोप.

भाऊंचा चेहरा बघवत नव्हता, इतका आनंद. आणि मला रडू येत होतं.

एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. ठाण्याच्या एका मित्राचा भाऊ बोटीवर होता, त्याने एक कॅसेट आणली. गिटार कडाडतेय, ड्रम, व्हायोलिन, आणि मधेच सात मात्रांचा ठेका! हे तीन दिवस जेवले नाहीत धड. तबला वाजवून मिळवलेल्या पैशांतून सेकंडहँड ड्रम आणले. सासरे म्हणाले, "मांडणीवरची भांडी पडली तरी ह्याहून गोड वाजतात." डोंबिवलीत तेव्हा ड्रम म्हणजे एक तर वरातीचा बँड, नाही तर ऑर्केस्ट्रा. जॅझ-रॉक म्हटलं की लोक विचारायचे, हे कुठलं औषध? एक ग्रुप काढला होता. दोन कार्यक्रमांत बारगळला. मग नोकरी, ऋजुता, माझे क्लास. ड्रम माळ्यावर.

आणि आता? कॉलेजांत फ्यूजन, लग्नांत फ्यूजन, गणपतीत फ्यूजन. एकवीस-बावीस वर्षांची पोरं दारात आली, "काका, तुम्ही अकरात वाजवता असं ऐकलं." लोक ह्यांना वेडे म्हणायचे. त्या माणसाचे दिवस आता कुठे आलेत. आणि आत्ताच हे!

देवा, दिवाळीपर्यंत सांभाळ रे. फक्त दिवाळीपर्यंत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गॅस चालूच. दूध उतू जाऊन पातेलं काळंठिक्कर. मी देवळात गेले होते. आल्यावर बघते तर भाऊ पातेलं घासत बसलेले. "मी विसरलो," म्हणाले. माझ्याकडे बघेनात.

देवळातून निघताना मी दूध ठेवून आले असं वाटत होतं. पण मी तर देवळात होते, मी कसं ठेवीन! ताण आलाय मला. दुसरं काही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

तालमीत भांडण. मितेश म्हणाला, एवढा मोठा शो आहे, सगळ्यांच्या कानात हेडफोन देऊ, मशीन टिकटिक देईल, मग उडी कुठे ते पण आधीच ठरवू. मला हायसं वाटलं! मशीन चुकत नाही. ह्यांना आधार होईल. मी लगेच मान डोलावली.

भाऊ उठलेच ड्रमवरून. "मशीन नको."

"काका, सगळे वापरतात आता. मी परवा मुलुंडला एका शोला गेलेलो, तिथे पण —"

"सगळ्यांना वापरू दे. ही समोर बसेल. हिच्या हातावर वाजवणार मी. नसेल चालत तर दुसरा ड्रमर बघा."

मितेश बिचारा लाल झाला. "अरे काका, रिलॅक्स ना यार."

भाऊ कधी असे बोलत नाहीत. रागावणं, हट्ट — हेही त्या मोबाइलवरच्या यादीत होतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

ऋजुताचा फोन. बाळाला पहिला दात आला! खालचा. भाऊंना ओरडून सांगितलं. त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "अरे वा! मग शिरा कर." आजोबांना मेलं कौतुक कसं ते नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

तबला-डग्ग्याची पूजा दरवर्षी करतो. ह्या वर्षी ड्रमही मांडले दिवाणखान्यात. चालायला जागा नाही. झांजेला झेंडू बांधला, मोठ्या ड्रमवर हळद-कुंकू. भाऊंनी आपट्याचं पान माझ्या हातात ठेवलं आणि हात सोडेचनात. म्हटलं, "अहो, सोनं दिलंत, आता हात द्या परत." तर म्हणाले, "हाच हात आहे गं माझा."

म्हणजे ह्यांना कळतंय. आपलं काहीतरी निसटतंय हे ह्यांना आतून कळतंय, म्हणून मला घट्ट धरून ठेवलंय. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

५ ऑक्टोबर, रविवार

आज तीन उड्या. पोरं खूश! मितेश आता त्या उडीवर उडी मारायला शिकलाय, भाऊंच्या मानेकडे बघत असतो. "काका कुठून उडणार काय भरवसाच नाही ना राव, तीच तर मजा आहे." मजा! ह्यांच्या मजेवर माझा जीव टांगणीला लागलाय.

मी आता दात आवळून हात देते. ठरवून. ह्यांच्यामागे जायचं नाही, आपली मात्रा सोडायची नाही. तरीही दर वेळी समेवर आम्ही बरोबरच. आणि कॉम्प्युटर म्हणतो दहा. इतका कसा हात ओढला जातो माझा?

८ ऑक्टोबर, बुधवार

ऋजुताकडे गेले होते. भाऊ सोडायला आले ठाण्यापर्यंत. एकटी जाते म्हटलं तर ऐकेनात. मन मोकळं केलं तिच्याकडे. "बाबांचं काहीतरी बिघडलंय गं. मात्रा विसरतात. किल्ल्या, गॅस, सगळं." ती बाळाचा लंगोट बदलत होती, थांबली. "आई, बाबा बोललेत माझ्याशी." काय बोलले? तर म्हणाली, "दिवाळी झाली की डॉक्टरकडे जाऊ या. तू पण ये हं. तू पाहिजेसच."

म्हणजे बापलेकींचं आधीच ठरलंय, आणि मला कळू दिलं नाही. मला जपतायत! अगं, जपायचं कोणाला?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मी एक युक्ती केली. भाऊंना सरळ म्हटलं असतं तर बिथरले असते. म्हणून मी सहज म्हणाले, "दिवाळीनंतर आपण दोघंही मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून येऊ या का? ह्या वयात सगळे करतात. मी पण करते." वाटलं, आता उखडतील.

"चालेल की," म्हणाले. "दोघंही जाऊ."

इतक्या पटकन! मी किती मस्का लावायच्या तयारीत होते. अठ्ठावीस तारखेची वेळसुद्धा घेऊन टाकली ऋजुताने. माझ्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरलं. भाऊंच्या डोक्यावरचंही उतरलं असावं. संध्याकाळभर शीळ घालत होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

संचिताला सांगून टाकावं का? फोन हातात घेतला आणि ठेवला. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि सांगून होणार काय? कार्यक्रम मोडेल. ज्या चुकीवर मैदान भरणार आहे ती चूक आहे, हे सगळ्यांना कळेल. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच बरी.

१८ ऑक्टोबर

चकल्या बिघडल्या. मीठ दोनदा पडलं. लक्ष कुठे आहे माझं!

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझं मन काय काय चिंततंय! दोन हजार माणसं समोर, आणि हे मधेच थांबलेत, काठ्या हातात, कुठे आहोत आपण अशा नजरेने बघतायत. हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

मी समोर बसेन. पहिल्या रांगेत. काही झालं तरी हात सोडायची नाही. एवढंच माझ्या हातात आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी

आधी लिहून काढते, मग फराळाचं बघते.

पहाटे उटणं, आंघोळी, कारिट फोडलं. साकेतच्या वडिलांच्या गाडीतून ठाणं. मैदान फुललेलं! नव्या पैठण्या, झब्बे, गजरे, सेल्फी. भाऊंनी नवा झब्बा घालून ड्रम लावले. मी जाऊन पहिल्या रांगेत मधोमध बसले, सोफ्यावर. पहिली रांग सगळी सोफ्यांचीच होती.

एक बिल्लेवाला मुलगा आला. "आजी, हा सोफा पाहुण्यांचा आहे."

म्हटलं, "बाळा, मी वाजवणाऱ्यांची बायको. मला इथेच बसायला हवं."

"आजी, साहेब येतायत. प्लीज. मागे खुर्च्या आहेत ना."

"अरे, मी त्यांना ताल देते!"

त्याला वाटलं असेल, म्हातारी चळली. हाताला धरून, अगदी आदराने, नेऊन बसवलं थेट मागे, साउंडवाल्यांच्या खांबामागे. तिथून भाऊंचं अर्धं डोकं दिसायचं. पुढे पाहुणे आले, शालीत गुंडाळलेले, नारळ झाले, दिवा झाला.

माझी पाचावर धारण बसली. भाऊ ड्रमवर बसले आणि पहिल्या रांगेत बघायला लागले. एकेक सोफा. मी हात वर केला, पण दोन हजार माणसांत माझा हात कोण बघतो! ते उभे राहिले अर्धवट, पुन्हा बसले. मितेश काहीतरी विचारत होता. मला ओरडावंसं वाटलं, थांबा रे, त्यांना एकट्याने जमणार नाही!

सुरू झालं.

मला बघवेना. डोळे मिटले. हात पर्सच्या बंदात अडकवून घट्ट धरले. ताल धरायची ताकदच नव्हती, मोजायचीही. फक्त ऐकत होते, आता चुकतील, आता चुकतील. गिटार वर चढली, की-बोर्ड मागून आला, मग सगळे थांबले आणि भाऊंचा सोलो. एकट्याचा. किती भटकले! पाऊस काय, घोडे काय, माझ्या क्लासमधला तबल्याचा जुना कायदाही आणला मधेच. आणि परत आले. गिटार, बास, की-बोर्ड, तिघं अगदी त्याच क्षणी ह्यांच्यावर येऊन पडले. पुन्हा गेले. पुन्हा आले. एकदाही कोणी अडखळलं नाही, एकदाही!

मैदान उभं राहिलं. शेजारचे एक आजोबा मला म्हणाले, "कळलं काही नाही, पण मजा आली बुवा." मी त्या परक्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून रडले!

बरे आहेत. माझे भाऊ ठणठणीत बरे आहेत!

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पोरं फराळाला आली होती. चकल्या खारट, पण फस्त केल्या. मितेश फुरंगटलेला. "काका, उडी का नाही मारली? एकपण नाही! मी प्रत्येक वेळी तयार राहिलेलो."

"काल जमली नाही रे," भाऊ म्हणाले.

मी हसून म्हटलं, "जमली नाही काय, चुकायचं राहिलं म्हणा!" सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. कपबश्या उचलून आत गेले.

२२ ऑक्टोबर, पाडवा

भाऊंना ओवाळलं. "ओवाळणी काय हवी?" म्हणाले. मी म्हटलं, "ती उडी काय होती ते खरं सांगा."

मग पाटावरून उठून समोर बसले. "मी तुझ्या हातावर येतो. तू जिथे येशील तिथे. पहिल्यापासून तसंच आहे ना आपलं?" मग म्हणाले, "हात दे. अकरा मात्रा. सावकाश."

मी दिल्या. टाळी वाजवून समेवर आले.

"दहा," ते हळूच म्हणाले.

पुन्हा दिल्या.

"बारा."

मी दोन्ही वेळा अकराच मोजल्या होत्या.